सिग्नल काढला त्या वर्षी

ब्रांट्सुम या आमच्या गावातल्या रस्त्यांवरच्या बहुतेक सगळ्या पाट्या मी उभ्या केलेल्या. नगरपालिकेच्या रस्ते विभागात बावीस वर्षं काढली, त्यातली चौदा टोळीचा मुकादम म्हणून. कुठला खांब किती खोल गाडलाय, कुठल्या नटाला गंज धरलाय, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्यामुळे जानेवारीत रिक्स्टनं पवनचक्कीच्या चौकाचा नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाली, "इथलं सगळं काढायचंय," तेव्हा मला आधी वाटलं की नव्या पाट्या आल्या असतील.

"सगळं म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"पाट्या, कठडे, दुभाजक, झेब्रा, सायकलींचे पट्टे. आणि सिग्नल."

"मग लावायचं काय?"

"काही नाही. एका रंगाची विटांची फरसबंदी, रस्त्यापासून घरांच्या भिंतीपर्यंत. पायरी नाही, कडा नाही."

रिक्स्ट तेव्हा चौतीस वर्षांची होती. लेउवार्डन शहरातून बदलून आलेली वाहतूक इंजिनियर, बारीक अंगाची आणि बोलायला सावकाश. आमचा क्रेनवाला गेर्म हिवाळ्यात शक्यतो तोंड उघडत नाही, पण तोही म्हणाला, "मग चौकात उरणार काय?"

"माणसं," ती म्हणाली.

तिनं सांगितलं की ती चार दिवस बेकरीच्या खिडकीत बसून होती. गाड्या मोजत नव्हती, गाडीवाले कुठे बघतात ते बघत होती. "ते वर बघतात, दिव्याकडे. हिरवा झाला की सुटतात. समोर कोण आहे ते त्यांनी बघायची गरजच राहिलेली नाही. दोन्ही बाजूंना कठडे, म्हणजे रस्ता आपल्या बापाचा. आता समजा काहीच सांगणारं नसलं, तर माणूस बिचकेल. बिचकला की हळू होईल, मान वळवेल. मला ते बिचकणंच हवंय."

तिचं म्हणणं मला अगदीच वेडेपणाचं वाटलं नाही. सिग्नल लावून नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत तिथला कठडा मी चौदा वेळा सरळ केला होता. काचा तर किती वेळा झाडल्या याचा हिशेब नाही. पिवळ्यावर घुसणारे, हिरव्यावर डोळे मिटून सुटणारे, सगळे मी पाहिले होते. पण तो सिग्नल हिस्केचा होता.

हिस्के माझी मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी. तिचा नवरा सीत्से दूध डेअरीत कामाला होता. अकरा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सकाळी तो सायकलवरून त्या चौकातून जात असताना पाव पोचवणाऱ्या एका व्हॅननं त्याला उडवलं. तेव्हा तिथे सिग्नल नव्हता, नुसत्या पाट्या होत्या. व्हॅनवाला कोर्टात म्हणाला, "मला तो दिसलाच नाही," आणि ते खरंच असावं. सीत्से दोन दिवस इस्पितळात होता आणि मग गेला. त्यानंतर हिस्के दोन वर्षं घरोघरी फिरली. पावसात, वाऱ्यात, पायात तेच तपकिरी बूट. अकराशे चाळीस सह्या गोळा केल्या. सिग्नल मंजूर झाला. खांब मी उभा केला, आणि रस्ता ओलांडायचं बटण पहिल्यांदा तिनं दाबलं. तेव्हापासून रोज सकाळी ते बटण दाबून ती पलीकडे जायची. पलीकडे तिचं लोकरीचं दुकान होतं.

तर हे तिला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही.

दर शनिवारी हिस्के आमच्याकडे जेवायला यायची. वाटाण्याचं घट्ट सूप, काळा पाव, खारवलेलं डुकराचं मांस. फ्राउक्ये, माझी बायको, टेबलाखालून मला पाय मारायची. मी सुपाकडे बघायचो. पहिल्या शनिवारी वाटलं, मंजुरी तर येऊ दे. दुसऱ्या शनिवारी हिस्केला सर्दी झाली होती. तिसऱ्या शनिवारी कारण सुचलं नाही, तरी बोललो नाही. असे पाच शनिवार गेले. मग गावच्या साप्ताहिकात बातमी आली आणि सोमवारी सकाळी हिस्के आमच्या गोदामात येऊन उभी राहिली.

"सिग्नल काढतायत म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"जानेवारीत."

"आज फेब्रुवारी संपतोय, वीब्रन."

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"काढणार कोण?"

"आमचीच टोळी."

"टोळी काय टोळी. तूच की." ती दाराकडे वळली आणि परत फिरली. "मी म्हणत नाही, नोकरी सोड. पण पाच वेळा माझ्या समोर बसून सूप प्यायलास. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर ते भांडं तुझ्या डोक्यावर ओतलं असतं."



मे महिन्यात काम निघालं. आधी पाट्या काढल्या, मग कठडे कापले, मग डांबर उखडून विटा बसवायला घेतल्या. सिग्नल शेवटी ठेवला होता, आणि तसा मीच ठेवला होता. त्या गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो तर हिस्के खांबाला पाठ लावून घडीच्या खुर्चीवर बसलेली. मांडीवर विणकाम, पायाशी कॉफीचा थर्मास.

गेर्मनं क्रेनचं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तुझी बहीण, तू बघ, असं.

"हिस्के, ऊठ," मी म्हणालो.

"मला इथे बसायची बंदी आहे का? पाटी दिसत नाही कुठे."

टोळीतले दोघं हसले. मलाही हसू आलं असतं, पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मी तिच्याशेजारी विटांच्या थप्पीवर बसलो. दोन तास बसलो. तिनं मला कॉफी दिली नाही. मी तिला रिक्स्टनं सांगितलेलं सगळं सांगितलं, दिव्याकडे बघणं, बिचकणं, सगळं. ती सुया चालवत ऐकत होती.

"म्हणजे मी दोन वर्षं उगाच फिरले," ती म्हणाली.

"तसं कुठे म्हणतोय मी?"

"मग कसं म्हणतोयस?"

साडेदहाच्या सुमाराला तिची चुळबुळ सुरू झाली. साठी उलटलेली बाई, सकाळपासून थर्मासभर कॉफी प्यायलेली. शेवटी तिनं विणकाम पिशवीत घातलं आणि हळूच म्हणाली, "बेकरीत जाऊन यायला पाहिजे." मधे सगळा खोदलेला भाग होता, फळ्या टाकलेल्या. मी तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. बेकरीच्या दाराशी थांबलो. पाच मिनिटं, फार तर सहा.

परत आलो तेव्हा खांब क्रेनला लटकत होता. खुर्ची बाजूला नीट घडी करून ठेवलेली. आणि गेर्म, ज्याला अख्ख्या हिवाळ्यात दोन वाक्यं जड जातात तो गेर्म, केबिनमधून माझ्याकडे बघून म्हणाला, "छान जमवलंस, वीब्रन."

मी तिला म्हणालो, "मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं." हे वाक्य मी त्या दिवशी तीन वेळा म्हणालो. तिनं खुर्ची काखेत मारली, थर्मास उचलला आणि कालव्याच्या बाजूनं निघून गेली. गेर्मला खरंच वाटलं होतं की मी तिला युक्तीनं हलवलं. वर मला शाबासकी मिळावी म्हणून त्यानं ते मोठ्यानं म्हटलं होतं. त्याला ओरडून काय उपयोग होता?

त्या दिवसापासून हिस्केनं चौक सोडला. दुकानात जायला ती कालव्याकाठानं जाऊन वरच्या पुलावरून वळसा घ्यायला लागली. दीड किलोमीटरचा फेरा, रोज दोनदा. शनिवारचं येणं बंद. फोन फ्राउक्येनं केला तर घ्यायची, मी केला तर नाही.

मला घरात बसवेना. कामावर दुसरीकडे पाठवलं तरी पाय चौकाकडे वळायचे. सुरुवातीच्या दिवसांत तिथे मोठी गंमत चालायची. चारही बाजूंनी गाड्या येऊन थांबायच्या आणि कुणीच निघायचं नाही. ओळखीचं कुणी नसलेल्या लग्नात आल्यासारखी माणसं एकमेकांकडे बघायची. मग कुणीतरी मान हलवायचं, सायकलवाला पुढे व्हायचा, म्हातारी चालायला लागायची, त्यामागून गाडी. दोनेक आठवड्यांत लोकांना सवय लागली. वेग उतरला, हॉर्न जवळजवळ थांबले. रिक्स्ट खूश होती. बेकरीवालाही खूश होता, कारण हळू जाणाऱ्यांना त्याची खिडकी दिसायला लागली होती.

मला मात्र यातलं काही दिसायचं नाही. मला दिसायची ती फक्त अंतरं. बंपर आणि सायकलच्या चाकातली वीतभर जागा. ट्रक आणि बाबागाडीच्या मधलं हातभर अंतर. प्रत्येक वेळी वाटायचं, आता झालं. झालं नाही की पुढच्या वेळी होईल असं वाटायचं. रोज सकाळी साडेसातपासून सव्वाआठपर्यंत, शाळेच्या वेळेला, मी कामाचं पिवळं जाकीट घालून चौकात जिथे खांब होता तिथे उभा राहायला लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस हात खिशात होते, मग ते आपोआप वर जायला लागले. थांब. ये. तू आधी. जूनपासून शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत हे चाललं, आणि शाळा उघडल्यावर परत.

"अरे, जेवतानाही हात करतोयस," फ्राउक्ये एकदा म्हणाली. "मीठ द्यायला मी थांबू की निघू?"

सप्टेंबरात रिक्स्ट आली. सायकल भिंतीला टेकवून बराच वेळ लांबून बघत होती. मग जवळ आली.

"वीब्रन, काय करताय तुम्ही इथे?"

"बघतोय."

"बघत नाही आहात. हात दाखवताय. आणि लोक परत एकमेकांकडे बघायचे थांबलेत. तुमच्याकडे बघतायत." ती हसली नाही. "मी एकसष्ट पाट्या काढल्या, आणि बासष्टावी आपल्या पायांनी चालत येऊन उभी राहिली. घरी जा. मी हात जोडून सांगते."

मी चार दिवस गेलो नाही. चार दिवस घड्याळाकडे बघत गोदामात येरझाऱ्या घातल्या. पाचव्या दिवशी परत गेलो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी पाऊस होता, आडवा, वाऱ्यावर येणारा. गाड्यांचे दिवे विटांवर पसरलेले. उत्तरेकडून एक पांढरी व्हॅन आली आणि चौकाच्या तोंडाशी थांबली. आत एक तरुण पोरगा होता. तो डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय, बिचकतोय. जसं रिक्स्टला हवं होतं अगदी तसं. मला वाटलं, मागे रांग लागेल. मी डावीकडे बघितलं, मोकळं होतं, आणि त्याला हात केला. ये, ये. त्यानं माझ्या हाताकडे बघत गाडी सोडली. उजवीकडून, तिथे उभ्या असलेल्या फुलवाल्याच्या गाडीच्या आडून, एक मुलगी सायकलवर आली.

आवाज फारसा मोठा नव्हता. सायकल घसरली, पुढचं चाक वाकलं, मुलगी विटांवर पडली. मी पोचलो तेव्हा ती उठून बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. चेहरा पांढरा पडला होता, पण रडत नव्हती. व्हॅनवाला पोरगा, ऊड्स त्याचं नाव, दार उघडं टाकून पावसात उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता. "यांनी हात केला. यांनी मला हात केला."

पोलीस आला तो मला पंधरा वर्षं ओळखणारा. मी म्हणालो, "हात मी केला होता." त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू मदतच करत होतास, वीब्रन. गाडी तर त्यानंच चालवायची असते ना." आणि कागदावर लिहिलं, चालकाचं लक्ष नव्हतं. तिथेच मी त्याचा हात धरून ते खोडायला लावायला हवं होतं. लावलं नाही. रुग्णवाहिका आली, मुलीला घेऊन गेली, आणि मी ओल्या जाकिटात गोदामात जाऊन बसलो.

साप्ताहिकात पहिल्या पानावर वाकडं चाक छापून आलं. खाली लिहिलं होतं, सिग्नल असता तर? आणि आठवड्याभरात हिस्के पुन्हा घरोघरी फिरायला लागली. पंधरा दिवसांत नऊशे सह्या. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता नगरपालिकेत सभा लागली.

त्याच्या आदल्या सोमवारी हिस्केचा फोन आला. मलाच केलेला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"ये घरी," ती म्हणाली. "बोलायचंय."

मी गेलो. तिनं साखरेचा पाव कापून त्याला लोणी लावून ठेवलं होतं. कॉफी केली होती. माझी खुर्ची खिडकीजवळ, पूर्वी असायची तिथेच.

"तू तिथेच होतास," ती म्हणाली. "ती पोर पडली तेव्हा. तू बोललास तर ऐकतील. बावीस वर्षं रस्त्यावर काम केलेला माणूस. मी बोलले की म्हणतात, ती विधवा आली."

"हिस्के..."

"मेमध्ये जे केलंस ते मी बाजूला ठेवलंय. विसरले नाही, बाजूला ठेवलंय. तू फक्त उभा राहा आणि काय पाहिलंस ते सांग."

तिचा आवाज इतका मऊ मी सीत्से गेल्यानंतर ऐकला नव्हता. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बोलेन मी." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. सहा वर्षांनी मोठी बहीण, आई गेल्यावर मला शाळेत पोचवणारी. मी कॉफी संपवली आणि पळाल्यासारखा निघालो.

तीन दिवस मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. फ्राउक्येला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्यांना सांगायचं त्यांना सांग." बुधवारी दुपारी मी त्या मुलीच्या घरी गेलो. वित्स्के तिचं नाव, तेरा वर्षांची. दार आईनं उघडलं. मी दारातच सांगून टाकलं, आत येऊ का हेही न विचारता. हात मी केला होता, बाई. त्या पोराचा दोष नाही. ती दार आणखी उघडून म्हणाली, "आत या, गार वारा येतोय."

वित्स्के टेबलाशी गृहपाठ करत होती, प्लॅस्टरमधला हात पुस्तकावर ठेवून.

"मला माहितीय," ती म्हणाली. "मी पण तुमच्याच हाताकडे बघत होते. मला वाटलं, मला ये म्हणताय."

हे ऐकून मी समोरची खुर्ची ओढून बसलो. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. एक हात, आणि दोघांनी तो आपल्यासाठी समजला. एकमेकांकडे कुणीच बघितलं नाही.

गुरुवारी सभेच्या आधी मी हिस्केला नगरपालिकेच्या जिन्यात गाठलं. सह्यांचे कागद छातीशी धरून ती उभी होती, तपकिरी बूट पुसून आलेली. मी तिला सांगितलं. सगळं, जिन्यातच, माणसं शेजारून वर जात असताना.

तिनं कागद सारखे केले. मग म्हणाली, "बोलू नकोस मग. मी तुला बोल म्हणाले होते, आता म्हणते गप्प बस. एवढं तरी करशील?"

"त्या पोराच्या नावावर केस आहे, हिस्के."

"आणि सीत्सेच्या नावावर काय आहे?"

ती वर गेली. मी मागच्या रांगेत बसलो. ती छान बोलली, आरडाओरडा नाही, रडणं नाही. सीत्सेचं नाव एकदाच घेतलं. खोलीतले लोक तिच्या बाजूला झुकले होते, ते मला पाठीमागूनही दिसत होतं. रिक्स्टनं आकडे सांगितले, मेपासून तिथे हा एकच अपघात, पूर्वी एवढ्या काळात तीन-चार व्हायचे. पण आकड्यांपुढे वाकडं चाक होतं. मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही म्हणायचंय का.

मी उभा राहिलो. म्हणालो, मी वीब्रन हाइत्मा, तो सिग्नल मी लावला आणि मीच काढला. मग कुणी न सांगता रोज तिथे उभा राहिलो. तो पोरगा नीट थांबला होता, त्याला मी चल म्हणालो. मुलगीही माझ्याच हाताकडे बघत होती, हे तिनं मला स्वतः सांगितलं. चौकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण हा अपघात माझ्या नावावर लिहा. मी खाली बसलो. पुढच्या रांगेतली हिस्केची मान हलली नाही. मतदानाच्या आधी ती कागद तिथेच ठेवून निघून गेली.

चौक आणखी एक वर्ष तसाच ठेवायचं ठरलं. ऊड्सवरची केस मागे घेतली. मला लेखी ताकीद मिळाली आणि मुकादमपण गेलं, ते गेर्मला मिळालं. त्याला आता बोलावं लागतं, आणि त्याचा त्याला फार त्रास होतो.

त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी पाच वाजता हिस्केच्या दुकानाबाहेर उभा राहायचो. ती दुकान बंद करायची आणि कालव्याच्या वाटेला लागायची. मी चार पावलं मागून चालायचो. पहिले दोन आठवडे तिनं मागे बघितलं नाही. मग एकदा म्हणाली, "असा कुत्र्यासारखा मागून येऊ नकोस, लोक बघतात." मग मी बाजूनं चालायला लागलो.

फेब्रुवारीत, पुलावर, ती म्हणाली, "गेर्मला त्या दिवशी खांब काढायला तू सांगितलं नव्हतंस."

"नाही."

"मला त्या सभेनंतर कळलं. ज्याला भरल्या खोलीत तोंड बंद ठेवता येत नाही, त्याला असली युक्ती कुठली जमणार." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आता तिथे खरंच बघतात का रे? माणसाकडे?"

"बहुतेक जण."

"बहुतेक."

"हो. सगळे म्हणालो तर खोटं होईल."

"पाव पोचवणाऱ्या त्या व्हॅनवाल्यानं तेव्हा एकदा मान वळवली असती तर," ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तिनं कालव्याची वाट घेतली नाही. सरळ चौकाकडे निघाली. विटांच्या कडेला येऊन ती थांबली. दुधाचा एक टँकर येत होता, तिला पाहून थांबला. ड्रायव्हर काचेतून तिच्याकडे बघत होता. ती हलली नाही. तिनं त्याला हातानं सांगितलं, तूच जा. तो थांबूनच राहिला. तिनं पुन्हा सांगितलं. शेवटी तो मान हलवून निघून गेला. तिनं माझी बाही घट्ट धरली होती.

"उद्या बघू," ती म्हणाली, आणि आम्ही वळलो.

पुढे काय झालं ते मला एप्रिलमध्ये फ्राउक्येच्या वाढदिवसाला कळलं. खोलीत गोलाकार खुर्च्या मांडलेल्या, मांडीवर केकच्या बश्या, बाहेर तोच वारा. हिस्के आली होती. पण माझ्यापासून तीन खुर्च्या लांब बसली होती. शेजारी बसलेल्या, फ्राउक्येच्या मावसबहिणीला ती सांगत होती, "मंगळवारी चौकात एक बाई गाडी थांबवून माझ्याकडे अशी टक लावून बघत होती, जशी काही मी तिची सासूच. म्हटलं, बघ बाई, नीट बघ. आणि गेले पलीकडे. काळीज मात्र इथे आलं होतं." तिनं गळ्याला हात लावून दाखवला.

"मग आता रोज जातेस?" मावसबहिणीनं विचारलं.

"कोरडं असलं तर. पाऊस असला की कालव्यावरून."

मी तिच्याकडे बघितलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेलो, उगाच दोन कप धुतले, पुसून ठेवले, आणि परत येऊन माझ्या खुर्चीवर बसलो.